व्हर्नाच्या एकतीस प्रॉक्सी

ज्याला आमच्या वस्तीत साधं मत नव्हतं, त्याला आमच्यावर राज्य करायचं होतं. आता सांगताना हसू येतं, पण त्या फेब्रुवारीत आम्ही कुणी हसत नव्हतो.

त्याचं नाव केंडल प्रुइट. वय छत्तीस. माझ्या शेजारच्या व्हर्ना हसकेलच्या बहिणीचा मुलगा. आमची वस्ती, बकआय ग्रोव्ह, ट्रेलरसारखी ओढून आणून ठेवलेल्या तयार घरांची आणि पंचावन्नच्या पुढच्यांची. त्याहून लहान माणसाला इथे साठ दिवसांच्या वर राहता येत नाही. हा दोन वर्षं राहत होता. व्हर्नाचा खुबा बदलला तेव्हा देखभालीला माणूस हवा म्हणून त्याची नोंद झाली आणि खुबा बरा झाल्यावरही ती नोंद कुणी खोडली नाही. नोंदवही व्हर्नाच्याच हातात होती ना.

पण आधी व्हर्नाबद्दल सांगते, नाहीतर तुम्ही तिच्याबद्दल भलतंच मत करून घ्याल. ती माझी मैत्रीण. आम्हा दोघींचे ओटे समोरासमोर आहेत आणि वीस वर्षं सकाळची कॉफी आम्ही एकमेकींकडे बघत प्यायलो आहोत. केर्न काउंटीतल्या शेतमजुरांच्या छावणीत, कापसाच्या हंगामात तिचा जन्म. त्या छावणीत मजुरांनीच निवडलेली समिती असायची, आणि तिची आई संडासांच्या स्वच्छतेच्या समितीवर निवडून आली होती. लोक यावर हसायचे. व्हर्ना कधी हसली नाही. 'ज्या बाईला गावात दुकानदार आत येऊ देत नव्हता, तिच्या नावापुढे चौपन्न जणांनी हात वर केले होते,' असं ती सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

पुढे तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. नवरा हॉलिस गेला. मग पंचाण्णव साली आमच्या जागेचा मालक ती एका कंपनीला विकायला निघाला, तिथे ऑफिसं उभी राहणार होती. तेव्हा ही बाई एकशे बारा दारं ठोठावत फिरली. कुणी कुत्री सोडली, कुणी दार लावून घेतलं. तिने सगळ्यांना एकत्र आणलं आणि जमीन आम्हीच मिळून विकत घेतली. आज मी माझ्या घरात बसून हे सांगते आहे ते तिच्यामुळे. तेव्हापासून ती सोसायटीची सेक्रेटरी. एकोणीस वर्षं बिनविरोध. दुसरं कोण उभं राहणार? सभेच्या मिनिट्स लिहायची कुणाला हौस असते?

आता सांडपाण्याचं. आमच्या पश्चिमेच्या रांगेखालचा नळ चार वर्षं गळत होता. चार वर्षं त्याच्यावर सभा झाल्या. समिती नेमली, समितीवर उपसमिती नेमली. एकाला प्लास्टिकचा नळ हवा होता, एकाला मातीचा, एकीला आपले गुलाब खणायचे नव्हते. नुसतं चर्चेचं गुऱ्हाळ, आणि वास मात्र सगळ्यांना सारखा. शेवटी नाताळाच्या आधी नळ फुटला, आणि घाबरलेल्या सभेने पंधरा दिवसांचे सगळे अधिकार केंडलला दिले, कारण तो घरी असायचा आणि त्याला आकडेमोड यायची. त्याने अकरा दिवसांत नवा नळ टाकला. गुलाब खणले. कुणाला विचारलं नाही. बाराव्या दिवशी वास गेला.

लोक त्याच्याकडे देवाकडे बघावं तसे बघायला लागले, इतके की व्हर्नासुद्धा गडबडली.

केंडल वाईट पोरगा नव्हता, हे मला म्हणावंच लागेल. हळू बोलायचा, माझ्या कचऱ्याचे डबे न सांगता बाहेर नेऊन ठेवायचा. मोठ्या कंपनीत प्रोग्रामर होता, तिथलं सोडलं आणि मावशीच्या मागच्या खोलीत बसून लिहायला लागला. काय लिहितो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. जानेवारीत एका दुपारी, व्हर्नाकडे वाल-डुकराचं कालवण आणि मक्याचा पाव खाता खाता, त्याने सांगितलं.

'मावशी, हा फोन बघ. मतदान घेऊन बनवला का? एका माणसाने ठरवलं, बाकीच्यांनी केलं. म्हणून तो चालतो. आणि सरकारचा साधा अर्ज घे, सहा महिने अडकतो. लोकशाही म्हणजे जुना बिघडलेला प्रोग्राम आहे. ठिगळं लावून दुरुस्त होत नाही. पुसायचा आणि नवा घालायचा.'

'आणि नव्यात काय?' व्हर्नाने विचारलं.

'राज्य म्हणजे कंपनी. वर एक प्रमुख, त्याच्या हातात सगळं. राहणारे लोक म्हणजे ग्राहक. ग्राहक दुकानदाराला कसं चालव ते सांगत नाही. पटलं नाही तर दुसऱ्या दुकानात जातो. अशी हजार छोटी राज्यं असावीत, लोकांनी हवं तिथे जावं. मत नको, जाण्याचा हक्क हवा.'

'हे तुझ्या डोक्यातून आलं?' मी म्हटलं.

तो हसला. नाही, म्हणाला. हे इथलंच, आपल्याच कॉम्प्युटर कंपन्यांच्या खोऱ्यातलं. काही वर्षांपूर्वी एका प्रोग्रामरने टोपणनावाने इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली, एकेक लेख पुस्तकाएवढा. राजांची बाजू घेणारी जुनी, धूळ खात पडलेली पुस्तकं त्याने उकरून काढली आणि ती कॉम्प्युटरच्या भाषेत सांगितली. रात्रंदिवस पडद्यासमोर बसणाऱ्या हुशार पोरांना ते पटलं, कारण ऑफिसात त्यांना रोज दिसत होतं की एक डोकं चालतं आणि समिती अडते. पुढे समुद्रापलीकडचे तत्त्वज्ञ त्यात आले, पैसेवाले आले. केंडल आधी नुसता वाचायचा, मग खाली प्रतिक्रिया लिहायला लागला, आणि आता त्याचे स्वतःचे काही हजार वाचक होते.

'लोकांना वाटतं ते स्वतः विचार करून मत देतात,' तो म्हणाला. 'विचार आधीच ठरलेला असतो. विद्यापीठं ठरवतात, वर्तमानपत्रं वाटतात. पोप नसलेलं चर्चच आहे ते. लोक फक्त आमेन म्हणतात.'

'फोनला गुडघेदुखी होत नाही, केंडल,' मी म्हटलं. 'माणसांना होते. दुकान आणि घर यात फरक असतो.'

'नदीन, तुम्ही चार वर्षं तो वास घेतलात,' तो शांतपणे म्हणाला. 'मत देऊन.'

मला ते फार झोंबलं. उंटावरचा शहाणा म्हणावं तर त्याने नळ खरोखर टाकला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठराव आला. मांडणारा आमचा अध्यक्षच, वेंडेल इटो. जन्मभर लोकांच्या बागा राखलेला सज्जन म्हातारा, सभांना कंटाळलेला. ठराव असा: सभा, समित्या, निवडणुका बरखास्त. सगळे अधिकार एका व्यवस्थापकाला, पंधरा वर्षांसाठी. त्याच्यावर लक्ष ठेवायला तिघांचं मंडळ. ते तिघे कोण निवडणार? व्यवस्थापक. व्यवस्थापक कोण? केंडल प्रुइट. आणि शेवटचं कलम: 'ज्यांना ही व्यवस्था मान्य नसेल त्यांना वस्ती सोडून जाण्याचं पूर्ण स्वातंत्र्य राहील.'

पोटनियम बदलायचे तर एकशे बारापैकी दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे पंचाहत्तर. केंडलने घरोघरी फिरून विचारलं होतं. अठ्ठावन्न नक्की होती. त्याला आणखी सतरा हवी होती.

आणि व्हर्नाकडे एकतीस प्रॉक्सी होत्या, म्हणजे सभेला न येणाऱ्यांनी सही करून तिच्या हाती सोपवलेली मतं.

ही आमच्याकडची जुनी रीत. सभा मार्चच्या पहिल्या शनिवारी. त्याआधी व्हर्ना लिंबाच्या वड्या करायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या, आळशांच्या दारी जायची. वडी द्यायची, कोरा प्रॉक्सीचा कागद पुढे करायची. सही करायची आणि मोकळं व्हायचं. बाकीचं ती भरायची. कुणी विचारलं नाही की कशावर मत देतेस, काय देतेस. व्हर्ना आहे ना, मग काळजी कशाची. मीसुद्धा सही करायची, खोटं कशाला बोलू. सभेच्या खुर्च्या माझ्या पाठीला सोसत नाहीत.

सभेला नऊ दिवस होते तेव्हा सकाळी तिने मला ओट्यावरून हाक मारली. 'नदीन, जरा ये गं इकडे.' आवाज बारीक झाला होता. मला वाटलं हिला पुन्हा चक्कर आली.

आत जाऊन बघते तर टेबलावर एकोणीस वर्षांच्या मिनिट्सच्या फायली मांडलेल्या. केंडल समोर बसलेला, हात टेबलावर. भांडणाच्या पवित्र्यात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

'नदीन, तुम्ही साक्षीला बसा,' तो म्हणाला. 'एकोणीस वर्षांत त्रेसष्ट ठराव मतदानाला आले. मी सगळे वाचले. मावशीच्या मनाविरुद्ध किती गेले, सांगा बघू.'

त्यानेच वरची फाईल मिटली.

'एकही नाही. दरवर्षी तीस-पस्तीस प्रॉक्सी हिच्या हातात. सभेला येतात साठ-सत्तर लोक, त्यांच्यातही दोन तट. म्हणजे जिकडे मावशी तिकडे निकाल. मावशी, तू एकोणीस वर्षं इथली राणी आहेस. आणि चांगली राणी आहेस, म्हणून वस्ती टिकली. मी दुसरं काय म्हणतोय? जे तू झाकून करतेस ते मी उघड करतो, एवढंच.'

'मी राणीबिणी नाही,' व्हर्ना म्हणाली. 'लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला.'

'राजावरही टाकतात.' तो पुढे झुकला. 'आता तो गठ्ठा माझ्याविरुद्ध टाक. मी हरेन. आणि मी जे लिहितो ते खरं ठरेल. मत लोक देतच नाहीत. त्यांच्या नावाने कुणीतरी देतं.'

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. जिच्या घरी राहतोस, जिचं खातोस, तिलाच असं कोंडीत पकडतोस? मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, 'नदीन, मी चुकीचं काय बोललो ते सांगा.' आणि तेवढंच मला सांगता येईना.

तो फिरायला बाहेर गेला. व्हर्नाने कपाटाच्या वरच्या खणातून तो गठ्ठा काढला, रबरबँड लावलेला. एकतीस सह्या. 

'मी असं केलंय का गं, नदीन?'

'तू विचारलं नाहीस, आम्ही सांगितलं नाही,' मी म्हटलं. 'हे बघ, आता तत्त्वाचं कौतुक नको. आधी हे संकट टळू दे. कागद टाक, ठराव पाड, आणि पुढच्या वर्षीपासून वाटलं तर रीत बदल.'

'पाडला तर मी पाडला असं होईल. वस्तीने नाही.'

'आणि नाही पाडलास तर पुढच्या वर्षी वस्तीला विचारायला कोण येणार? नऊ दिवस राहिलेत, व्हर्ना. यांतल्या सतरा जणांना तो नळ आठवला की संपलं सगळं. मग तुझ्या आईच्या समितीच्या गोष्टी भिंतीला सांग.'

हे मी बोलायला नको होतं.  मग तिने काठी घेतली, कोट घातला आणि म्हणाली, 'चल माझ्याबरोबर. एकटीने जायला मला भीती वाटते.'

तीन दिवस आम्ही फिरलो. दार उघडलं की व्हर्ना कागद परत द्यायची आणि म्हणायची, 'हा तुझा. या वेळी तू स्वतः ये. ठराव हा असा आहे, वाचून घे. काय करायचं ते मी सांगणार नाही.' या वेळी वड्या नव्हत्या.

काही जणींना रागच आला. 'अगं, तूच टाक ना, आता माझ्या डोक्याला कशाला ताप?' एक जण म्हणाला, 'बरं झालं दिलास, मी केंडललाच देणार होतो. माझ्या बायकोला त्या वासाने दम लागायचा.' व्हर्नाने मान हलवली आणि पुढच्या दाराकडे वळली. माझ्या मनात आकडे चालले होते. केंडलचे अठ्ठावन्न आता चौसष्ट झाले असावेत. पाचव्या रांगेपर्यंत सदुसष्ट.

मग आर्सेनिओ बाल्टझारचं दार. हा फिलिपिनो गृहस्थ नौदलात वीस वर्षं आचारी होता. त्याच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की याला कधी राग येत असेल. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

'आता परत देतेस?' तो म्हणाला. 'दोन हजार सहा साली का नाही दिलास?'

व्हर्नाला कळेना.

'माझी आई वारली म्हणून मी मनिलाला गेलो होतो. जाताना तुला सही करून दिली. परत आलो तर नियम झाला होता, वीस पौंडांच्या वरचा कुत्रा ठेवायचा नाही. माझी पिंकी साठ पौंडांची. मिनिट्समध्ये प्रॉक्सीवाल्यांच्या यादीत माझं नाव होतं, नियमाच्या बाजूने. माझंच मत, माझ्याच कुत्रीविरुद्ध.'

'आर्सेनिओ, तू कधी बोलला नाहीस.'

'काय बोलू, बाई? तू वस्ती वाचवलीस. तुला कोण बोलणार?' त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. 'पिंकीला मी गिलरॉयला एका शेतावर सोडून आलो. दीड महिन्यात मेली. मी कारण विचारलं नाही.'

त्याने दार हळूच लावलं. व्हर्ना पायरीवर उभी राहिली. तिला काठी टेकवायचं सुचेना, मी धरलं तिला. 'मी विचार केला होता की एवढ्या मोठ्या कुत्र्यांनी म्हाताऱ्या माणसांना पाडलं तर,' ती पुटपुटली. 'मी चांगलाच विचार केला होता.' ते मला माहीत होतं. तिने नेहमी चांगलाच विचार केला.

शेवटचा कागद माझा होता. माझ्याच ओट्यावर तिने तो मला दिला आणि म्हणाली, 'तुझं काही आहे का, नदीन? असेल तर सांगून टाक.'

मी नाही म्हटलं. पण त्या दुपारी मी तिच्याकडून दोन हजार नऊची फाईल वाचायला म्हणून आणली. त्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी इस्पितळात होते. माझी रेनाटा घटस्फोटानंतर माझ्याकडे राहायला येऊ बघत होती, आणि साठ दिवसांची अट काढावी असा ठराव आला होता. तीन मतांनी पडला. मला व्हर्नानेच येऊन सांगितलं होतं, माझा हात हातात घेऊन: 'फार वाईट वाटलं गं.' रेनाटा रीनोला गेली. आता वर्षातून एकदा येते. फाईलमध्ये माझं नाव सापडलं. विरुद्ध. व्हर्नाचं सुवाच्य अक्षर.

आणि त्याच अटीच्या नाकावर टिच्चून तिचा भाचा दोन वर्षं मागच्या खोलीत राहत होता. मी फाईल परत नेऊन दिली.  तिने विचारलं होतं तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण सभेला सहा दिवस होते, आणि तिला तेव्हा मोडून कुणाचं भलं होणार होतं?

शनिवारी दहा वाजता क्लबहाऊस भरलं. एकशे नऊ जण. इतके कधीच आले नव्हते. वॉकर भिंतीला लावून ठेवले होते, ऑक्सिजनची नळी लावून दोघं आले होते, डोनटचे खोके पहिल्या दहा मिनिटांत संपले. मी मोजून मोजून थकले. कोण कुठे बसलंय यावरून काही कळत नव्हतं. व्हर्ना पुढच्या टेबलाशी, वहीवर तारीख लिहून बसलेली. तिने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं आणि केंडलशी ती तीन दिवस बोलली नव्हती.

केंडल सभासद नव्हता, तरी वेंडेलने त्याला पाच मिनिटं दिली. तो चार मिनिटं बोलला. आवाज चढवला नाही. नळ, छपरं, रस्त्यावरचे दिवे, काय काय कधी होईल ते त्याने तारखेसकट सांगितलं. 'तुम्हाला सत्ता नकोच आहे,' तो म्हणाला. 'तुम्हाला चांगलं घर हवंय. ते मी देतो. आणि नाही आवडलं तर तुम्ही मोकळे आहात.' टाळ्या पडल्या. खूप पडल्या. पंचाहत्तर माणसांच्या असतील का? 

मग आर्सेनिओ उठला. व्हर्नाने मान खाली घातली.

'मोकळे म्हणजे कसे?' त्याने विचारलं.

'वस्ती सोडून जाऊ शकता.'

'घर घेऊन?'

'अर्थात. घर तुमचंच आहे. ही चाकांवरची घरं आहेत.'

लोकांत एक चमत्कारिक हालचाल झाली. दोन वर्षं राहून केंडलने कधी घराखाली वाकून बघितलं नव्हतं. ज्याला जाणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटत होती, त्याला एवढं ठाऊक नव्हतं.

'बाळा, माझ्या घराची चाकं आधीच्या मालकाने एकोणऐंशी सालीच काढली,' आर्सेनिओ म्हणाला. 'आस विकला. खाली सिमेंटचे ठोकळे आहेत. हलवलं तर घर दुमडेल. इथे एकशे बारा घरं आहेत आणि एकालाही चाक नाही.'

'मग विका,' केंडल म्हणाला.

'कुणाला? ज्याला तुझं राज्य आवडतं त्याला?'

'ते बाजार ठरवेल.'

'आणि मी कुठे जाऊ, तेही बाजार ठरवेल?' आर्सेनिओने खुर्चीची पाठ धरली. 'मी वीस वर्षं जहाजावर काढली. जहाजावर एकच कप्तान असतो, आणि असायलाच हवा. म्हणून तर आम्ही बंदर कधी येतं ते बघायचो. व्हर्नावर माझा राग आहे. तिला ठाऊक आहे कशाबद्दल. पण मी तिच्यावर सगळ्यांसमोर रागावू शकतो. तुझ्यावर कुणासमोर रागावू?'

 केंडल म्हणाला, 'आर्सेनिओ, तुमच्यावर कुणी अन्याय करणार नाही.' तो मनापासून बोलला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

चिठ्ठ्या टाकल्या. व्हर्ना आणि वेंडेलने दोनदा मोजल्या.  व्हर्ना उभी राहिली आणि तिने वाचलं: ठरावाच्या बाजूने एकाहत्तर, विरुद्ध अडतीस. चार मतं कमी पडली. ठराव नामंजूर.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. 'एकाहत्तर जण हो म्हणाले आणि हरले,' मागून कुणीतरी चिडून बोललं. केंडल भिंतीला टेकून हसत होता, पण ते हसू बघवत नव्हतं. मला मात्र सुटकेने रडू येत होतं. व्हर्नाने मला नजरेने शोधलं, आणि तिचा चेहरा इतका उजळला होता की मी मान फिरवली.

कारण पुढचा विषय सेक्रेटरीची निवड होता.

दरवर्षी वेंडेल विचारायचा, 'व्हर्नाच ना?' आणि लोक खुर्च्या सरकवायला लागायचे. त्या दिवशी चौथ्या रांगेतून कुणीतरी आर्सेनिओचं नाव सुचवलं. दुसऱ्याने अनुमोदन दिलं. आर्सेनिओ बावरला, पण नाही म्हणाला नाही. पुन्हा चिठ्ठ्या आल्या, या वेळी नाव लिहायच्या.

मला मिळालेली चिठ्ठी मी मांडीवर ठेवली. या बाईने मला डोक्यावर छप्पर दिलं. या बाईने माझ्या नावाने माझ्या लेकीला दार बंद केलं, आणि मग येऊन माझा हात धरला. दोन्ही खरं होतं. मी नाव लिहिलं, घडी केली आणि पेटीत टाकली.

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या सेक्रेटरीनेच उघडून वाचायच्या. तिने एकेक उघडली आणि मोठ्याने वाचली. कितीतरी वेळ ती आपलं नाव आणि त्याचं नाव वाचत राहिली. मधे एकदा ती थांबून पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. आर्सेनिओ सत्तावन्न, व्हर्ना बावन्न. तिने ते वहीत लिहिलं, खाली सही केली आणि वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली.

'बघितलंस, मावशी?' केंडल दारात उभा राहून म्हणाला. 'तू त्यांना मत परत दिलंस आणि त्यांनी पहिलं काय केलं ते बघ.'

'बघितलं,' व्हर्ना म्हणाली. 'त्यासाठीच दिलं होतं.' पण ती रडत होती.

तो त्याच दुपारी गेला. तासाभरात सामान गाडीत भरलं, मावशीला मिठी मारली, टेक्सासला मित्र आहेत म्हणाला. व्हर्ना ओट्यावर उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होती. तिचं म्हणण्यासारखं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी कॉफी ओतायला उठले, तर तिने नको म्हणून हात केला. काठीवर दोन्ही हात ठेवून उभीच राहिली.

'दोन हजार नऊची फाईल तू का नेलीस ते मला कळलं होतं,' ती म्हणाली. 'तू परत दिलीस तेव्हा मी ते पान उघडून बघितलं. वाटलं, येईल आणि भांडेल. सहा दिवस वाट बघितली मी.'

'व्हर्ना—'

'तुझी चिठ्ठी मी उघडली काल. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही का गं? एकोणीस वर्षं तुझं मत मीच लिहीत होते. काल पहिल्यांदा वाचलं.'

मला वाटलं ती आणखी काही बोलेल, शिव्या तरी देईल. ती वळली आणि हळूहळू रस्ता ओलांडून घरी गेली. हल्ली ती कॉफी मागच्या दाराशी बसून पिते.